वॉटफर्डचं नापास लग्न

इंग्लंडच्या कायद्याबद्दल लोक फार चांगलं बोलतात. बोलोत बापडे. मी काउन्सिल टॅक्स वेळच्या वेळी भरतो, रिसायकलिंगचा डबा चुकीच्या वारी कधीही बाहेर ठेवत नाही, आणि अशा सरळमार्गी माणसाला ज्या कायद्यानं वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अविवाहित ठरवलं, त्याच्याबद्दल माझं मत निराळं आहे. मेडनहेडमध्ये जो कोणी दोन मिनिटं उभा राहील त्याला मी ते सांगत असतो. हल्ली फारसं कोणी उभं राहत नाही.

मला मुळात एक लहानसंच काम करायचं होतं. आमच्या मुलीच्या, तनयाच्या, लग्नातून रजिस्ट्रारला वगळायचं. गुरुजींनी काढलेला मुहूर्त सकाळचा आणि रजिस्ट्रारबाई मोकळ्या दुपारी. मधल्या वेळात पाहुण्यांनी काय करायचं? आधी जेवायला वाढलं तर निम्मे लोक सह्या व्हायच्या आत घरी पळतील. नंतर वाढलं तर निम्मे लोक भुकेनं गुरुजींच्या अंगावर जातील. एका शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी हा प्रश्न मुळापासून निकालात काढला.

"रजिस्ट्रारचं खूळच काढून टाका," मी म्हणालो. "अग्नी आहे, सप्तपदी आहे, आणखी काय हवं? आमच्या लग्नात कुठे होता रजिस्ट्रार? अडलं का काही?"

तनया एका सॉलिसिटर फर्ममध्ये फॅमिली लॉ करते, म्हणजे लोकांचे संसार रीतसर मोडून देते. तिच्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

"वेट. बाबा, तू आणि आई नंतर रजिस्टर ऑफिसला गेलात ना?"

"कशाला जायचं?"

"पण तुमचा लग्न इंडियात झाला ना?"

"वॉटफर्डला झालं. शाळेच्या हॉलमध्ये. फोटो शंभरदा पाहिलेत तू."

"मला वाटलं तो इंडिया आहे! त्यात सगळी माणसं इंडियन आहेत!"

नीना, म्हणजे माझी बायको, समोर मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता आमच्या लग्नाचं सांगतो, कारण त्यात कुणाला काही खोट काढता येत असेल तर त्यानं काढून दाखवावी. मी इथे कंप्युटर कंपनीत नोकरीला, नीना इथेच एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर. दोघं आपापल्या व्हिसावर. लग्न ठरवलं ते नागपुरात, माझ्या आईनं आणि तिच्या वडिलांनी. कांदेपोहे त्यांनी खाल्ले, आम्ही दोघं फोटोत हजर होतो. रजा मिळेना म्हणून आई गुरुजींना घेऊन इकडे आली आणि वॉटफर्डला साडेतीनशे पानं उठली. शाळेच्या हॉलमध्ये होम पेटला, धुरानं अलार्म वाजला आणि अग्निशामक दलाची गाडी आली. पिवळी हेल्मेटं घातलेले चार जवान सप्तपदी संपेपर्यंत दारात उभे होते, आणि जाताना बुंदीचे लाडू घेऊन गेले. मी विचारतो, अग्नीच्या साक्षीनं लग्न सगळेच करतात. अग्निशामक दलाच्या साक्षीनं किती जणांनी केलंय? आणखी कसला सरकारी साक्षीदार लागतो या देशाला?

रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस द्यायची वेळ आम्ही घेऊन ठेवली होती, नाही असं नाही. पण आईनं डोळे वटारले. "सप्तपदी झाल्यावर पुन्हा सह्या करून लग्न? माझा मुलगा काय बिजवर आहे?" मी ऑफिसात फोन करून सांगितलं, आमचं लग्न झालंय, आता वेळ नको. पलीकडची बाई म्हणाली, "ओह, कॉन्ग्रॅच्युलेशन्स!" सरकारी बाई सरकारी वेळेत सरकारी फोनवरून अभिनंदन करते, त्याला काही अर्थ आहे की नाही?

"नाही," तनया म्हणाली. "नोटीस नाही दिली, हॉल रजिस्टर्ड नव्हता, रजिस्ट्रार नव्हता. बाबा, कायद्यात याला नॉन-क्वालिफायिंग सेरेमनी म्हणतात."

"म्हणजे नापास?"

"सॉर्ट ऑफ."

"मग रद्दबातल म्हण की सरळ. व्हॉइड."

"नाही ना! व्हॉइड व्हायला पण थोडा तरी लग्न लागतो."

हे मला फार लागलं. रद्द व्हायचीसुद्धा लायकी नाही! रद्द झालेल्या लग्नाला कोर्टात विचारतात, त्यात बायकोला हक्क मागता येतात. आमचं लग्न म्हणजे कायद्याच्या लेखी साडेतीनशे माणसांचं सहभोजन, मध्ये थोडा धूर.

"आणि याला काही झालं तर?" नीनानं विचारलं. "मी याची विधवा नाही?"

"लीगली नाही, आई. पेन्शनपासून सगळ्याचा प्रॉब्लेम होईल."

"मग मी याची कोण?"

तनयानं जरा विचार केला. "फ्लॅटमेट, बेसिकली."

नीना हसली. तीस वर्षांत मी केलेल्या कुठल्याही विनोदाला ती इतकी हसलेली नाही. मग मटाराचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "पुरुषोत्तम, उरलेले तू सोल."

मी इकडेतिकडे पाहिलं. तीस वर्षं ही बाई मला 'अहो' म्हणत आली. मी कधी मागितलं नव्हतं, पण मिळत होतं, आणि मिळणाऱ्या मानाला कोण नको म्हणतं?

"हे काय नवीन?"

"नवरा नसलेल्या माणसाला अहो कशाला म्हणू?" ती म्हणाली. "शेजारच्या ज्यॉफला म्हणते का?"

ज्यॉफला कुंपणावरून सगळं कळलं, कारण मी बागेत मोठ्यानं बोलत होतो. त्याला मुळी माझं दुःखच समजेना. "म्हणजे तू तीस वर्षं मोकळा आहेस? मला सुटायला दोन वकील लागले. बेस्ट वेडिंग आय एव्हर हर्ड ऑफ!" त्यानं मला बिअर देऊ केली. मी घेतली नाही. घेतली, पण निषेध म्हणून अर्धीच प्यायलो.

तनयानं तोडगा सांगितला. कोर्टात वर्षानुवर्षं वाद घालण्यापेक्षा नोटीस द्या, चार आठवडे थांबा, रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदारांसमोर लग्न करा, संपलं. मी लगेच फोन उचलून येत्या गुरुवारची वेळ घेतली आणि नीनाला सांगितलं, "गुरुवारी अर्धी रजा टाक. लग्नाची नोटीस द्यायची आहे."

"कोणाच्या?"

"आपल्या!"

"मला विचारलंय कोणी?"

"यात विचारायचं काय? आपलं लग्न झालेलंच आहे."

"तुझी मुलगी म्हणते नाही झालेलं. मी विचार करून सांगते."

विचार! मला वाटलं गंमत करतेय. चहाच्या वेळी विचारलं, जेवताना विचारलं, दुसऱ्या दिवशी कामावर मेसेज केला. उत्तर एकच, विचार चालू आहे. मी तनयाकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "बाबा, तू प्रपोज तरी केलास का?" मी काय आता लॉनवर गुडघे टेकू? माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. टेकेन, पण उठेन कसा? शेवटी बुधवारी नीना म्हणाली, "चल, येते. पण नोटीस म्हणजे होकार नव्हे. उत्तर त्या दिवशी देईन."

रजिस्टर ऑफिसातल्या बाईंचं नाव मिस प्रिचर्ड. बोलायला गोड, पण आम्हाला एकेकट्यानं आत बोलावलं. आधी मी गेलो.

"यापूर्वी तुम्ही कुठल्याही प्रकारचा विवाहविधी केला आहे का?"

खोटं कसं बोलणार? "हो," मी म्हणालो.

"कोणाशी?"

"हिच्याशीच."

"मग तो विवाह संपला कसा?"

"संपला नाही. तुमचं म्हणणं असं की तो सुरूच झाला नाही."

मिस प्रिचर्डनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. "आपण पुढे जाऊ. जोडीदाराची जन्मतारीख?"

मी छाती काढून सांगितली, दहा ऑक्टोबर. बाईंनी कपाळाला आठी घातली, कारण नीनाच्या पासपोर्टवर एक जून आहे. आता तिच्या शाळेच्या मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जूनला जन्माला घातलं, हे या बाईंना कसं समजावू? मी प्रयत्न केला. प्रयत्नानं बिघडलं. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "मिस्टर टेंबे, तुम्ही दोघं एकमेकांना किती दिवस ओळखता?"

तीस वर्षं एका छताखाली! तिचे सायनस मला पाठ आहेत. आणि मी खोट्या लग्नाचा संशयित! बाहेर आलो तेव्हा माझा शर्ट ओला झाला होता. नीना आत गेली आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आली. तिला माझी सगळी माहिती बरोबर सांगता आली होती, मधलं नाव आणि रक्तगटासकट. रक्तगट विचारलाही नव्हता.

नोटिशीवर दोघांच्या नावापुढे 'सिंगल' लिहिलं गेलं आणि ती ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावली गेली. कोणाला हरकत असेल तर त्यानं सांगावी म्हणून. हरकत कोणाची नव्हती, पण त्याच आठवड्यात कमलाकर, म्हणजे आमच्या मंडळाचा माजी अध्यक्ष, नातवाच्या जन्माची नोंद करायला तिथे गेला. नीनानं पासपोर्टवर माहेरचं आडनाव कायम ठेवलेलं आहे, हे त्या गृहस्थाला ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी होती: 'आपले पुरुषोत्तम टेंबे पुन्हा बोहल्यावर. वधू कोणी नीना बापट. नाव तेच असलेली शोधली, म्हणजे हाक मारताना चूक नको.'

दुसऱ्या दिवसापासून घरी बायकांची रीघ. कोणी साबुदाण्याचे वडे आणले, कोणी अळूवडी. सगळ्या नीनाचा हात हातात घेऊन बसत आणि माझ्याकडे पाहत नसत. आणि ही माझी धर्मपत्नी, कायद्यानं नसेना का, एका शब्दानं खुलासा करेना! पदर नसल्यामुळे ती कार्डिगनच्या बाहीनं डोळे टिपायची आणि म्हणायची, "त्याचं सुख त्यात असेल तर मी कोण अडवणारी?" बायका गेल्या की दोघी मायलेकी अळूवड्या खात खिदळायच्या. मला वाढायच्या, पण मेहेरबानी केल्यासारख्या.

मी कमलाकरला फोन करून खडसावलं. खरा प्रकार कळल्यावर तो उलट माझ्यावरच चिडला. "अरे, आधी मला का नाही विचारलंस? भारतात झालं म्हणून ठोकून द्यायचं! आम्ही साडेतीनशे माणसं साक्ष देऊ!" तनयानं फोन माझ्या हातातून घेतला आणि खोट्या साक्षीला किती वर्षांची शिक्षा आहे ते त्याला सांगितलं. त्यानंतर कमलाकरला वॉटफर्डला गेल्याचंच आठवेना.

मग उखाण्याचं निघालं. लग्नात उखाणा घेणार, असं नीनानं परस्पर कळवलं होतं. मला तेवढ्यानंही बरं वाटलं. नाव घ्यायचंय म्हणजे नकार नसावा. पण मिस प्रिचर्डचा फोन आला, या समारंभात धार्मिक काही चालत नाही, तेव्हा मजकुराचं भाषांतर आधी पाठवा. झालं! महादेव गेला, बेल गेला, तुळशीवृंदावन गेलं. देवादिकांना हाकलून उखाण्यात उरतं काय, तर चांदीचं ताट आणि बर्फी. मी अनावृत पत्र लिहायला बसलो होतो, पण नीनानं नवाच उखाणा रचला आणि भाषांतर पाठवूनही दिलं. मला दाखवला नाही. लगेच मंजुरी आली.

"बाईंनी विचारलं, हे दाराबद्दल आहे का?" नीना म्हणाली. "मी सांगितलं, हो, होम सिक्युरिटी."

लग्नाच्या दिवशी मी वॉटफर्डचाच कोट घातला. बटण लागलं नाही, हा कोटाचा दोष. तनया आणि वेद, आमचा होणारा जावई, साक्षीदार म्हणून आले होते. ते गाडी लावायला गेले आणि आम्ही दोघं रजिस्टर ऑफिसच्या बाकावर बसलो. समोर प्लास्टिकची फुलं. नीनानं हिरवी पैठणी नेसली होती, वर रेनकोट. आतापर्यंत मी कायद्यावर रागावलो होतो, आईवर, ज्यॉफवर, मिस प्रिचर्डवर. ही बाई खरोखरच नाही म्हणाली तर मी कोणावर रागावणार होतो?

"नीना," मी म्हणालो, "लग्न करशील का माझ्याशी?"

"आत्ता विचारलंस," ती म्हणाली. मग रेनकोटचा पट्टा सोडत म्हणाली, "मला माहीत होतं रे."

"काय?"

"आपलं लग्न झालेलं नाही ते. तुझं ऑफिस बेसिंगस्टोकला गेलं आणि तू मला न विचारता तिथे घर पाहून आलास, आठवतंय? तनया शाळेत रिसेप्शनच्या वर्गात होती तेव्हा. मी लंच अवरमध्ये एका सॉलिसिटरकडे गेले होते. सोडून जायचं म्हणून."

मी फुलांकडे पाहत राहिलो.

"त्यानं लग्न कुठे झालं, कसं झालं विचारलं, आणि म्हणाला, मॅडम, तुम्हाला घटस्फोटाची गरजच नाही. बॅग भरा आणि निघा."

"मग?"

"मग तनयाला शाळेतून घ्यायची वेळ झाली. घरी आले तर तू भेंडी चिरून ठेवली होतीस. धुऊन, न पुसता. सगळी तार सुटलेली. मी मनात म्हटलं, मी गेले तर हा माणूस जन्मभर अशीच भेंडी खाईल."

"भेंडीसाठी राहिलीस?"

"भेंडीसाठी एक दिवस राहिले. मग रोज वाटायचं, आज राहू, उद्याचं उद्या. दार उघडं आहे हे कळलं ना, की घर अंगावर येत नाही. त्या संध्याकाळी मी बेसिंगस्टोकला येणार नाही म्हणाले, आणि तू चक्क हो म्हणालास."

तो निर्णय मी आजवर माझाच समजत होतो. तेव्हापासून मेडनहेडहून बेसिंगस्टोकला रोज गाडी हाकली ती स्वतःच्या मोठेपणावर खूश होत.

"मला सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चिरकला. राग होता तो. निदान सुरुवातीला तरी.

"सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी वेळ घेऊन आला असतास. दाराला कडी लावायला."

हे खरं होतं. तेवढ्यात मिस प्रिचर्डनी दार उघडून आमची नावं पुकारली, आणि नीनानं मला उत्तर दिलेलंच नव्हतं.

आत मला म्हणायचे ते शब्द मी म्हटले. कसे ते आठवत नाही. मग नीनाची पाळी आली. वॉटफर्डला तिला एक शब्द बोलावा लागला नव्हता. सगळं गुरुजी बोलले आणि मी अधूनमधून 'नातिचरामि' म्हणालो. इथे मात्र कायदा थांबून राहिला. ती स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय काही पुढे सरकणार नव्हतं. इंग्लंडच्या कायद्याची ही एकच गोष्ट मला आजवर पटलेली आहे, आणि हे मी ज्यॉफला सांगणार नाही. नीनानं माझ्याकडे पाहिलं, चांगला वेळ घेतला, आणि सगळे शब्द स्पष्ट म्हटले. मला नवरा म्हणून घेत असल्याचे.

सह्या झाल्या. "अँड नाऊ," मिस प्रिचर्ड म्हणाल्या, "द व्हर्स अबाउट द डोअर."

नीनानं पदर सावरला.

"नव्हती दाराला कडी, नव्हती पायात बेडी,
पुरुषोत्तमचं नाव घेते, मीच राहिले वेडी."

वेदनं टाळ्या वाजवल्या. तनया मिस प्रिचर्डना अर्थ सांगू लागली आणि मध्येच थांबून बॅगेत टिश्यू शोधू लागली. मग म्हणाली, "बाबा, आता तू घे उखाणा."

मला यमक सुचेना. "नीना," एवढंच म्हणालो. तेही नीट निघालं नाही. या देशात खिडक्या नको तेव्हा उघड्या ठेवतात, त्याचा घशाला त्रास होतो.

ती मला अजूनही 'अरे'च म्हणते. मी विषय काढला नाही. त्या संध्याकाळी भेंडी मी चिरली. आधी पुसून घेतली, एक एक.